काइट मॅनचा मुलगा नंतर आला

कुणीतरी लिहिलंय की बॅटमॅनच्या कॉमिक्समधला खलनायक काइट मॅन मुलाच्या मृत्यूमुळे गुन्हेगार झाला आणि ही गोष्ट पहिल्यापासूनचीच आहे. थोडी दुरुस्ती करतो. हा गडी पहिल्यांदा आला १९६० साली, ‘बॅटमॅन’च्या १३३व्या अंकात, बिल फिंगरच्या लेखणीतून. तिथे मुलगा नाही, दुःख नाही, काही नाही. पतंगाला लटकायचं आणि चोऱ्या करायच्या, बस्स! तेव्हा बॅटमॅनच्या वाट्याला असलीच गिऱ्हाइकं यायची.

चार्ल्स ब्राउन हे त्याचं नावही चेष्टाच आहे. ‘पीनट्स’ या कॉमिक स्ट्रिपमधला चार्ली ब्राउन आठवा, ज्याचा पतंग दरवेळी झाडातच जातो.

मुलगा आणला लेखक टॉम किंगने, ‘बॅटमॅन’मध्येच, २०१७ साली. जोकर आणि रिडलर या बॅटमॅनच्या दोन बड्या खलनायकांच्या भांडणात हा बापडा मधल्यामध्ये सापडतो आणि रिडलर त्याच्या पोराच्या पतंगाच्या दोऱ्याला विष लावतो. मी फलटणचा. आमच्याकडे नागपंचमीला आख्खं गाव गच्चीवर असतं. मांज्याने बोट कापलं की ते आपसूक तोंडात जायचं, नजर मात्र वरच, कारण समोरचा काटायला टपलेला. त्यामुळे दोऱ्याला विष म्हटल्यावर मी आधी स्वतःची तर्जनी चाचपली.

हसण्यावारी नेलेल्या पात्राला रडवून मोठं करायची युक्ती मला एरवी खटकते. इथे चालून गेली. आणि काइट मॅनचं ते पेटंट वाक्य ‘हेल येआ’, ज्यावर सगळे मीम करतात, ते मुळात त्या पोराचं आहे.