क्रूझ : तेव्हाची आणि आताची, तुमचे अनुभव सांगा

काजूगर

आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होतायत. सगळे मिळून क्रूझला जाऊ असं ठरतंय, आम्ही धरून आठ जण. आम्ही दोघं २०१४ ला सिंगापूरहून चार रात्रींची केली होती आणि तेव्हापासून मी घरात सगळ्यांना सांगत सुटलेय की क्रूझसारखं सुख नाही, एकदा तिकीट काढलं की पाकिटाला हातच लावायचा नाही, खा प्या आणि डेकवर लोळा.

परवा कोटेशन आलं व्हॉट्सअ‍ॅपवर. वरती मोठ्या अक्षरात माणशी आकडा, तो बघून म्हटलं अरे ठीकच आहे की. खाली बारीक अक्षरात पोर्ट चार्जेस वेगळे, जीएसटी वेगळा, टीसीएस (आधीच कापून घेतात तो इन्कम टॅक्स) वेगळा, ग्रॅच्युइटी म्हणजे स्टाफची टिप 'बोटीवर भरावी', वायफाय वेगळं, ड्रिंक्स पॅकेज वेगळं. सगळी बेरीज केली तर वरच्या आकड्याच्या दीडपटीला पोचली. नवरा म्हणाला, हे लग्नाच्या हॉलसारखं झालं, हॉल स्वस्त आणि खुर्च्यांचं भाडं निराळं.

तर ज्यांनी पूर्वी केलीय आणि आता परत केलीय त्यांनी लिहा ना. खर्च, जेवण, सर्व्हिस, काय बदललंय? स्वतः गेलेल्यांनीच लिहा प्लीज, टूरवाल्यांनी लांब राहा.

भरतीओहोटी

तुमच्या त्या क्रूझा, आमची आपली बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. मे महिन्यात मालवणला जायचं म्हणजे वडील आधी मला आणि थोरल्या भावाला पुढे पळवायचे, का तर डेकवर सतरंजी पसरून जागा धरायला. जो आधी पसरेल त्याची जागा, त्यावरून भांडणंसुद्धा व्हायची. जेवण म्हणजे आईने बांधून घेतलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी, आणि बोट लागली की तेही समुद्रालाच. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत करत मालवण. बोट आत खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचे, आम्हा पोरांना खलाशी अक्षरशः या हातातून त्या हातात द्यायचे. लाट खाली गेली की पडाव चार हात खाली, वर आली की 'टाक!' सर्व्हिस म्हणाल तर ती.

२०१९ ला मुलांनी हौसेने अंग्रिया क्रूझवरून गोव्याला नेलं, पंचाहत्तरी म्हणून. एका रात्रीचे माणशी पाचेक हजार आणि जेवणाचे वेगळे. एसी, बिछाना, पोहायला छोटासा तलाव. सगळे झोपले, मी मात्र रात्रभर डेकवर दीपस्तंभ मोजत बसलो होतो. नंतर कोविड आला आणि ती बोटही बंद पडली. विषय सोडून लिहिलं असेल तर क्षमा करा, पण बोट म्हटलं की राहवत नाही.

काजूगर

काका, विषय सोडून कसला, हेच तर हवं होतं. बाबांना वाचून दाखवलं, त्यांचं पण रोहिणी बोटीचं सुरू झालं मग.

वांग्याचंभरीत

माझ्या दोन्ही क्रूझ मुंबईहूनच, त्यामुळे तुलना सोपी आहे.

पहिली २००६ ला. सुपरस्टार लिब्रा तेव्हा मुंबईत असायची. ऑफिसच्या टार्गेटचं बक्षीस होतं त्यामुळे पैशाचं मला विचारू नका, पण सोबत एक जण स्वखर्चाने बायकोला घेऊन आला होता, त्याचे दोन रात्रींचे दोघांचे मिळून वीस हजारांच्या आत गेले होते असं आठवतंय. बुफेत तऱ्हेतऱ्हेचं कॉन्टिनेंटल आणि चायनीज, कोपऱ्यात भारतीय म्हणून एक डाळ आणि एक पनीर. बरोबरचे निम्मे लोक कॅसिनोतून बाहेरच आले नाहीत त्यामुळे जेवायला गर्दी अशी नव्हतीच. वाढणारे फिलिपिनो, दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारायचे. मला ते फार भारी वाटलं होतं, घरी येऊन आठवडाभर सांगत होतो.

दुसरी गेल्या वर्षी, बोटीचं नाव लिहीत नाही. आता सगळं उलटं झालंय, म्हणजे बुफे अख्खा आपला. डोसा, पावभाजी, जैन काउंटर वेगळा, रात्री अकराला मॅगी. माझी आई एरवी बाहेर काही खात नाही, ती तीन दिवस मजेत जेवली, हे मोठंच. पण रांग! नाश्त्याला साडेआठला गेलो तर लग्नात पहिल्या पंगतीला असते तशी झुंबड. टेबलं पुसायला माणूस सापडेना, मीच टिश्यूने पुसून घेतलं. खोली दोन दिवसात एकदाच आवरली गेली, तेही सांगितल्यावर. आणि बॅलार्ड पिअरला बोटीत चढायलाच तीन तास गेले, पंखा एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला. लक्षद्वीपला समुद्र खवळलेला म्हणून उतरवलंच नाही. त्याबद्दल तक्रार नाही, लाटांपुढे कोणाचं काय चालणार, पण तिथल्या सहलीचे पैसे वेगळे भरलेले होते आणि ते परत मिळवायला दीड महिना मेलामेली केली.

अर्धंतिकीट

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे बेयॉनला क्रूझचं बंदर आहे, घरापासून चाळीस मिनिटं, त्यामुळे विमानाचा खर्च नको म्हणून आमच्या इथली मराठी मंडळी उठसूट बर्म्युडा-बहामाज करतात. आम्ही २०१० पासून सहा केल्या, त्यातली एक आई-बाबा आले होते तेव्हा अलास्काची सिअ‍ॅटलहून.

सगळ्यात जास्त चुकल्यासारखं काय वाटतं सांगू? रात्रीचं ते जेवण. पूर्वी ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ, आठवडाभर तोच वेटर. पहिल्या रात्री हेडवेटरला जाऊन सांगायचं की आम्ही व्हेज आहोत आणि मसालेदार चालतं. तो बहुतेक वेळा गोव्याचा नाहीतर केरळचा निघायचा, हसायचा आणि म्हणायचा उद्यापासून माझ्यावर सोडा. दुसऱ्या दिवसापासून मेनूत कुठेच नसलेली भेंडी, डाळ तडका, गरम रोटी हजर. अलास्काच्या वेळी बाबांनी सहज म्हटलं की हिरवी मिरची मिळेल का, तर पुढचे पाच दिवस आम्ही बसायच्या आधी छोट्या बशीत चार मिरच्या आणि लिंबाची फोड ठेवलेली असायची. बाहेर हिमनदी आणि बाबा मिरची चावतायत, असा एक फोटो आहे आमच्याकडे.

मागच्या वर्षी गेलो तर 'हवं तेव्हा या' पद्धत. रोज नवं टेबल, रोज नवा वेटर, रोज पहिल्यापासून पाढे. मेनू फोनवर स्कॅन करून बघायचा. हेडवेटर येऊन गोड बोलून गेला आणि नंतर स्पेशल रेस्टॉरंटचं कूपन विकायला परत आला. डायनिंगमधे चार रात्री तेच वाटाणा-बटाटा, रस्सा फक्त रंग बदलून. चांगलं खायचं तर वर पैसे भरा, माणशी पन्नास-साठ डॉलर आणि त्यावर टिप. खोली पूर्वी सकाळ-संध्याकाळ आवरायचे, रात्री उशीवर चॉकलेट आणि टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड. आता एकदाच. माझी मुलगी आता चौदा वर्षांची घोडी, पण पहिल्या रात्री खोलीत शिरल्या शिरल्या विचारलंच तिने, माकड कुठाय?

मध्यरात्रीचा बुफे तर इतिहासजमा. बर्फाचे हंस, कलिंगडावर कोरलेले चेहरे, लोक खायला कमी आणि फोटोला जास्त यायचे. तो बंद झाला त्याचं मात्र वाईट वाटत नाही, किती अन्न वाया जायचं.

खाडीपलीकडे

बोटीवरच काम करतो म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. सावंतवाडीचा. गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आमच्या वाडीत नुसतं 'शिपवर आसा' म्हटलं की पुरतं. २००९ ला असिस्टंट वेटर म्हणून चढलो, मधली कोविडची वर्षं सोडली तर आजपर्यंत चालू. कंपनीचं नाव अर्थातच नाही.

पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटं मिळायची. प्रत्येक टेबलावरून हातात पाकीट, वर हातानं लिहिलेलं थँक्यू. कोण किती देणार ते आम्हाला तिसऱ्या दिवशीच कळायचं आणि आमचे अंदाज सहसा चुकायचे नाहीत. आता ग्रॅच्युइटी रोजच्या रोज पाहुण्याच्या खात्यावर आपोआप पडते, मोठ्या कंपन्यांत दिवसाला माणशी सोळा ते वीस डॉलर. चौघांचं कुटुंब, सात रात्री, म्हणजे साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर इथंच गेले. ती सगळ्यांत वाटली जाते, दिसत नाहीत अशा लोकांतसुद्धा, म्हणजे भांडी घासणारे, धोबीखात्यातले. बरेच लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकतात, त्यात आपले भाऊबंद जरा जास्तच असतात, खोटं कशाला बोलू. काढायची तर काढा पण मग ज्यानं मुलाला रोज दूधभात आणून दिला त्याच्या हातावर तरी काहीतरी ठेवा.

मी चढलो तेव्हा एका वेळी माझ्याकडे आणि माझ्या सीनियरकडे मिळून वीस-बावीस पाहुणे. आता तीसच्या वर आहेत. भेंडी मागितलीत तर माझी ना नाही हो, पण गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, जाऊन शेफला पटवायला जी पाच मिनिटं लागतात ती आता राहिलीच नाहीत. खोलीवाल्यांचंही तेच, फेरी एक केली आणि खोल्या वाढवून दिल्या.

कोविडात आम्ही कित्येक आठवडे पाहुण्यांविना समुद्रात नांगर टाकून होतो, खिडकी असलेली केबिन मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा मिळाली. परत बोलावणं आलं तेव्हा जुने निम्मे आलेच नाहीत. कोणी दुबईला हॉटेलात लागला, एकानं बांद्याला चायनीजची गाडी टाकली आणि बरी चाललीय त्याची. नवीन पोरं हुशार आहेत पण शिकवायला वेळ कोणाकडे आहे.

एक गोष्ट चांगली झाली ती इंटरनेट. पूर्वी बंदरात उतरलो की फोनकार्ड घेऊन बूथपुढे रांग, पोरगा चालायला लागला ते मला तीन आठवड्यांनी कळलं होतं. आता स्टारलिंक आलं, गणपतीची आरती मी केबिनमधून लाइव्ह बघतो.

काजूगर

दादा, ग्रॅच्युइटीचं वाचून ओशाळले. आमच्या यादीत नवऱ्याने 'काढून टाकता येते, यूट्यूबवर बघितलं' असं लिहून ठेवलं होतं, ते खोडलंय.

उसळमिसळ

सगळे गळा काढतायत म्हणून मुद्दाम उलट बाजूनं लिहितो. सवयीने हिशेब ठेवणारा माणूस आहे मी.

२००६ ला डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, आता पंच्याऐंशीच्या वर. म्हणजे बोटवाल्यानं एक पैसा वाढवला नसता तरी आपल्याला ती जवळजवळ दुप्पट पडली असती. मी २०१३ ला इनसाइड (बिनखिडकीच्या) केबिनला रात्रीचे माणशी शंभर डॉलर दिले होते आणि गेल्या मेमधे एकशेदहा. बारा वर्षांत पुण्यात वडापाव कितीला गेला ते बघा. डॉलरमधे तिकीट फारसं महाग झालेलंच नाही, तिकिटात काय काय येतं ते कमी झालंय, आणि ही चलाखी विमानवाल्यांनी आधी केली, बोटवाले शिकले. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०१७ मधे रूम सर्व्हिसला ७.९५ डॉलर लावले तेव्हा केवढी ओरड झाली होती, आता कोणी बोलत पण नाही. शिवाय अमेरिकेतल्या बंदरांतून मार्च २०२० ते जून २०२१ बोटी बंदच होत्या, एकट्या कार्निव्हल कंपनीवर तीस अब्ज डॉलरच्या वर कर्ज चढलं. ते व्याज कोण भरणार, तुम्ही-आम्हीच, ज्यूस पिऊन.

दुसरं म्हणजे बोटी बघा की कुठल्या कुठे गेल्या. आयकॉन ऑफ द सीज २०२४ ला आली ती टायटॅनिकच्या पाचपट, वीस डेक, सात हजारांवर माणूस मावतं. पोरं दिवसभर घसरगुंड्यांवर फुकट, रात्री बर्फावरचे शो फुकट. एवढी माणसं एका वेळी जेवायला बसवायची तर वेटरला तुमचं नाव आठवणार कसं? नाव आठवायला हवं असेल तर छोटी बोट घ्या आणि दुप्पट मोजा.

टीसीएसला घाबरू नका, रिटर्न भरताना वळता होतो. फक्त तोपर्यंत पैसे अडकतात. आणि पॅकेज घरूनच घ्या, बोटीवर चढल्यावर तेच वायफाय महाग पडतं.

वांग्याचंभरीत

सगळं मान्य, पण बारा वर्षांत वडापावात चटणी वेगळी विकत घ्यावी लागली नाही अजून.

अर्धंतिकीट

काजूगर, आठ जण आहात तर ठरलेल्या वेळेचं जेवण निवडता येतं का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी तो पर्याय अजून आहे, फक्त फॉर्ममधे मागावा लागतो. मग वेटर तोच राहतो. व्हेज-जैन जे काय असेल ते महिनाभर आधी कळवा, चढल्यावर नाही. आणि ड्रिंक्स पॅकेज कधीकधी एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावंच लागतं, आई-बाबा काही पीत नसतील तर केबिनची वाटणी त्या हिशेबाने करा.

इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. माझ्या सासूबाईंची सिक्युरिटीने काढून घेतली आणि उतरताना परत दिली, तोपर्यंत सात दिवस चहाच्या नावाने शिमगा.

काजूगर

हे सोनं आहे सगळं, प्रिंट काढून ठेवतेय. ठरलेल्या वेळेचं मिळतंय, सहाची वेळ आहे. बाबा म्हणाले सहाला चहा पितात, जेवतात का, पण बसतील.

आईचा एकच प्रश्न आहे, तिने मला टाइप करायला लावलाय. लोणच्याची बरणी चालते का?

खाडीपलीकडे

दुकानातली सीलबंद असेल तर बहुतेक ठिकाणी सोडतात. घरची बरणी सहसा अडवतात. त्यातूनही चुकून आत आलीच, तर उतरताना संपली नसेल तर टाकू नका म्हणावं काकूंना, वेटरकडे द्या. खाली क्रू मेसमधे, म्हणजे आमच्या जेवणघरात, दहा मिनिटांत पुसून लख्ख होते.