इंटरमिनेबल आणि एंडलेस एकच ना? पत्रावर सह्या झाल्यात, लवकर सांगा

पावशेर:
ऑफिसात साहेब रिटायर होतायत, शुभेच्छापत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी 'थँक यू फॉर युवर एंडलेस सपोर्ट' लिहिलेलं, मग वाटलं एंडलेस फारच साधा दिसतोय म्हणून मोबाइलवर बघून त्या जागी इंटरमिनेबल घातला. आता बावीस जणांच्या सह्या झाल्यात आणि अकाउंट्सच्या मॅडम ते वाचून हसतायत, का ते सांगत नाहीत. दोन्हीचा अर्थ न संपणारा असाच ना??

शेंगदाणा:
अरेरे. अर्थ तोच पण इंटरमिनेबलमध्ये वैताग भरलाय. गोष्ट खरोखर अनंत असायला नको, वीस मिनिटांचं भाषणसुद्धा चालतं, ऐकणारा जांभया देत घड्याळ बघायला लागला की झालं इंटरमिनेबल. आपण चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतो किंवा मारुतीचं शेपूट, त्यातला प्रकार. म्हणजे तुम्ही साहेबांना लिहिलंय की तुमचा सपोर्ट एकदाचा कधी संपतोय असं झालं होतं :)

लोकलवाला:
मूळ लॅटिन टर्मिनस, म्हणजे हद्द, शेवट. सीएसएमटीतला शेवटचा टी तोच, गाडी तिथून पुढे जातच नाही. रोमन लोकांत तर टर्मिनस नावाचा बांधावरच्या दगडाचा देव होता, 23 फेब्रुवारीला त्याचा सण, दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या बाजूने येऊन दगडाला हार घालायचे. (आपल्याकडे बांधावरून कोर्टात जातात, ती केस इंटरमिनेबल.)

पावशेर:
मेलो. मग इन्फिनिट टाकू का?

शेंगदाणा:
इन्फिनिट म्हणजे गणितातला आडवा आठ, 1655 मध्ये जॉन वॉलिसने वापरला तो. इन्फिनिट पेशन्स म्हटलं तर कौतुकच होतं, पण सपोर्टला जरा जड जातं. तुमचा एंडलेस काय वाईट होता? तो दोन्हीकडे चालतो, एंडलेस पेशन्स म्हणजे स्तुती, एंडलेस मीटिंग्ज म्हणजे रडगाणं. नाहीतर सरळ कॉन्स्टंट लिहा.

चकली_७:
उच्चार करताना जोर 'टर्'वर द्या हं, आमच्याकडे एकजण इंटर-मिनिटेबल म्हणतो, मिनिटाचा काही संबंध नाही त्यात.

पावशेर:
व्हाइटनर मारून कॉन्स्टंट लिहिलं. पण आधीचा शब्द एवढा लांबलचक की मध्ये पांढरा पट्टा उरला, तिथे मॅडमनी पेनाने जास्वंदीचं फूल काढून दिलं, अजूनही हसतच होत्या.