वैराच्या पलीकडचं

एकांनी लिहिलंय की मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यात क्रुसेडपासून, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धांपासून, नुसतं वैरच आहे. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या इंदुरातलं कॅथलिक कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे, ते असिसीचे संत फ्रान्सिस १२१९ साली, ऐन पाचव्या क्रुसेडमध्ये, इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ थेट सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेले. निःशस्त्र! सुलतानानं त्यांचं ऐकून घेतलं, सुखरूप परत पाठवलं. धर्म दोघांनीही बदलला नाही, आणि माझ्या लेखी तेच मोठं आहे. येशूची कबर जिथे होती असं मानतात, त्या जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चची किल्ली तर शतकानुशतकं एका मुसलमान घराण्याकडे आहे. दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याचा. कॅथेड्रलवरून जाताना लेकीला मी हे आवर्जून सांगते.