‘पटवणे’ की ‘पटवून देणे’? कार्यालयीन लेखनातील काही क्रियापदे

विचारणा

आमच्या कारखान्यात नव्याने बढती मिळालेल्या पर्यवेक्षकांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका तयार होत आहे. आपले म्हणणे कामगारांसमोर, सहकाऱ्यांसमोर आणि वरिष्ठांसमोर कसे ठेवावे, यावर तिच्यात एक प्रकरण आहे. मसुद्यात ‘समजावणे’, ‘पटवणे’, ‘मन वळवणे’ आणि ‘गळी उतरवणे’ ही चारही क्रियापदे एकाच अर्थाने आली आहेत. ‘कामगारांना नव्या पाळ्यांबाबत पटवण्यात यावे’ हे वाक्य एका ज्येष्ठ पर्यवेक्षकांना खटकले, पण नेमके काय खटकले हे त्यांना सांगता येईना. या शब्दांमध्ये खरोखर फरक आहे का, आणि असल्यास पुस्तिकेत कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद

त्या पर्यवेक्षकांना जे खटकले ते रास्त आहे. ‘पटणे’ हा मुळात पारखून घेण्याचा शब्द आहे. खूण पटते, ओळख पटते, खात्री पटते. हुंड्यांचा व्यवहार होता तेव्हा हुंडीही पटत असे, म्हणजे ज्याच्यावर ती काढलेली असे तो ती खरी मानून पैसे मोजत असे. या प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस स्वतः तपासून पाहतो आणि मग मान्य करतो. ‘मला तुमचे म्हणणे पटले’ या वाक्याची घडण पाहिली तर हेच दिसते. मुद्दा पटला, गोष्ट पटली, म्हणणे पटले असे क्रियापद मुद्द्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, ऐकणारा ‘मला’ किंवा ‘त्यांना’ अशा चतुर्थीच्या रूपात येतो, आणि सांगणाऱ्याला कर्त्याची जागाच मिळत नाही. मराठीच्या या रचनेत फार मोठे शहाणपण आहे असे मला मनापासून वाटते.

‘पटवणे’ या प्रयोजक रूपात मात्र सांगणारा कर्ता होतो आणि पुष्कळदा माणूसच कर्म होऊन बसतो. विक्रेते ‘गिऱ्हाईक पटवले’ म्हणतात, कट्ट्यावर मुलगी पटवण्याच्या गप्पा चालतात, आणि कोणी ‘साहेबांना पटवले’ म्हटले की गोड बोलून काम साधून घेतले असाच अर्थ ऐकणारा घेतो. या वाक्यांत माणूस आहे, मुद्दा नाही. ‘पटवून देणे’ म्हटल्यावर तो परत येतो: ‘मी त्यांना हिशेब पटवून दिला’, ‘अडचण पटवून दिली’. इथे जे दिले जाते ते म्हणणे असते, आणि क्रियापदही पुन्हा त्याच्याच मागे जाते.

तुमच्या वाक्यातली दुसरी उणीव ‘बाबत’ या शब्दात लपलेली आहे. ‘पाळ्यांबाबत पटवण्यात यावे’ यातून विषय कळतो, पण पटवायचे काय ते कळत नाही. ‘पटवून द्यावे’ असे लिहायला घेतले की ‘काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात द्यावे लागते. उदाहरणार्थ: ‘पाळी दर आठवड्याऐवजी दर पंधरा दिवसांनी बदलल्यास झोपेची घडी वरचेवर मोडणार नाही, हे कामगारांना पटवून द्यावे.’ हा पहिला भाग ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यापाशी पटवून देण्यासारखे अजून काही नाही, असे मी मानतो, आणि पर्यवेक्षकाला हे कामगारांसमोर उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा कागदावर कळलेले बरे.

‘मन वळवणे’ या शब्दात ते मन आधी दुसरीकडे वळलेले आहे हे गृहीत असते. उपोषणाला बसलेल्यांचे मन वळवले, राजीनामा देणाऱ्याचे मन वळवले, हे बरोबर आहे. पण ज्या कामगारांनी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेले नाही, त्यांचे मन वळवायला निघणे म्हणजे त्यांना आधीच विरोधक ठरवणे होय. ‘गळी उतरवणे’ वर्तमानपत्रांत सर्रास येते. त्यात कडू काढा पाजल्याची छटा आहे आणि पुस्तिकेत त्याचे काही काम नाही.

‘समजावणे’ या शब्दाशी जपून वागावे लागते. ‘समजावून सांगणे’ म्हणजे उलगडून सांगणे, तर ‘समजूत घालणे’ किंवा ‘समजूत काढणे’ म्हणजे रुसलेल्याला, दुखावलेल्याला शांत करणे. सुटे ‘समजावणे’ या दोहोंच्या मध्ये लोंबकळते, आणि हिंदीच्या सहवासामुळे मुंबईकडे ते अधिक कानी पडते. एका बैठकीच्या इतिवृत्तात ‘विलंबाबाबत ग्राहकास समजावले’ असे मी स्वतः लिहिले होते. ग्राहकाच्या बाजूने उत्तर आले की आम्ही रुसलो नव्हतो, आम्हाला कारण हवे होते. त्यांचे म्हणणे खरे होते. ‘सुटा भाग उशिरा आल्यामुळे जुळणी चार दिवस थांबली, हे ग्राहकास सांगितले’ एवढे लिहिले असते तर तो पत्रव्यवहार झालाच नसता.

विचारणा

आभारी आहे. मात्र वरिष्ठांच्या बाबतीत ‘पटवून देणे’ उद्धट वाटणार नाही का?

प्रतिसाद

झालेल्या गोष्टीचा अहवाल देताना वाटत नाही. ‘यंत्र बदलण्याची गरज व्यवस्थापकांना पटवून दिली’ हे वाक्य सभ्य आहे. पण वरिष्ठांच्या समोर बसून ‘मी तुम्हाला पटवून देतो’ म्हटले तर त्यांचा निर्णय आपणच आधी जाहीर केल्यासारखे होते. तिथे ‘माझे म्हणणे मांडतो’ किंवा ‘एक बाब आपल्या निदर्शनास आणतो’ म्हणावे. मांडणे एवढेच आपल्या हाती असते. पटले की नाही ते ऐकणारा सांगेल. कामगारांशी बोलतानाही ‘कळले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ‘कळते पण वळत नाही’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. ‘तुम्हाला हे पटते का, नसल्यास कुठे अडते?’ असे विचारले तर खरे उत्तर येण्याची शक्यता वाढते.

आणखी एक प्रतिसाद

या चर्चेत ‘बोलणे’ हेही घ्यायला हवे. ‘साहेब मला बोलले की शनिवारी काम आहे’ असे मुंबई-ठाण्याकडचे तरुण सहकारी सहज म्हणतात आणि आता लिहितातही. प्रमाण मराठीत ‘मला बोलले’ म्हणजे रागावले, टोचून बोलले. पाळी बदलताना लिहून ठेवलेल्या एका चिठ्ठीत ‘मॅडम मला बोलल्या, काम पूर्ण करा’ असे वाचून साताऱ्याकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या मुलाची काळजीने विचारपूस केली. त्याला मात्र कोणी रागावलेच नव्हते. बोलीभाषा म्हणून या वापराला नावे ठेवू नयेत, पण जे चारजण वाचणार आहेत अशा कागदावर ‘मॅडमनी सांगितले’, ‘मॅडम म्हणाल्या’ किंवा ‘मॅडमशी बोलणे झाले’ यांपैकी जे घडले असेल तेच लिहावे. पहिल्यात सूचना आहे, दुसऱ्यात केवळ उद्गार असू शकतो, तिसऱ्यात दोन्ही बाजूंनी चर्चा झाली आहे.

आणखी एक प्रतिसाद

माझी नोकरी शासकीय कार्यालयात झाली. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर टिपणीलेखनाची एक ठरीव मराठी रुळत गेली. ती बोजड आहे हे मान्य, पण तिच्या शेवटच्या शब्दावर कागदाचे भवितव्य ठरते. अभिलेख कक्षाचे छत गळते, खालच्या फडताळातील दप्तरे भिजतात, आणि पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती केल्यास खर्च कमी येईल, अशी दोन पानी टिपणी मी एकदा मोठ्या कष्टाने लिहिली आणि सवयीने शेवटी ‘अवलोकनार्थ सादर’ असे लिहून वर पाठवली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. समासात ‘पाहिले’ असा शेरा आणि खाली स्वाक्षरी होती. अधिकाऱ्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, “तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे, पण तुम्ही फक्त पाहायला सांगितले होते.” त्याच टिपणीखाली ‘छताच्या दुरुस्तीस मान्यता मिळावी, आदेशार्थ सादर’ ही एक ओळ घालून ती पुन्हा पाठवली, आणि त्याच संध्याकाळी ‘मान्य’ असा शेरा होऊन ती माझ्या टेबलावर आली.