नाशिकजवळ नदीकाठची जागा सुचवा, सोबत ४ वर्षांची मुलगी, बाबागाडीतलं बाळ आणि आई

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीत माहेरी नाशिकला येतेय. मुलगी ४ वर्षांची, धाकटा अजून बाबागाडीत आणि सोबत आई, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे काठी घेऊन सावकाश चालते पण पायऱ्या नको म्हणते. मुलांना नदी, पक्षी, चिखल असं खरंखुरं काहीतरी बघू दे असं फार मनात आहे. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं नाव सगळे घेतात पण तिथे चालायला वाट कशी आहे, बाबागाडी जाते का, बाथरूमचं काय, हे कुणीच सांगत नाही, नुसते फ्लेमिंगोचे फोटो. लहान मुलांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज लिहा.

निफाडकर:
ताई, बिनधास्त या. चापडगावच्या बाजूने आत जा, चढउतार जवळजवळ नाहीच, पण वाट माती-मुरमाची आहे त्यामुळे छोट्या चाकांची बाबागाडी अडकते, मोठ्या चाकांची असेल तरच आणा नाहीतर बाळाला कॅरिअरमध्ये घ्या. पक्षी बघायच्या मनोऱ्यांना जिना आहे, आईंना वर नेऊ नका. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची डिकीत टाका. गावातले गाइड मिळतात, त्यांच्याकडे ट्रायपॉडवरची दुर्बीण असते, ती खुर्चीच्या उंचीला लावून द्या म्हणावं, आई बसल्या बसल्या सगळं बघतील आणि मुलीचाही डोळा तिथे पोचेल. सकाळी लवकर या, आणि निफाडची थंडी म्हणजे गंमत नाही, मुलांना कानटोपी हवीच.

गोदाकाठ:
एक जोडतो. हे गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं धरण, इंग्रजांच्या काळातलं, शंभर वर्षांत गाळ साचून पाणी उथळ झालं आणि त्यातूनच ही पाणथळ तयार झाली. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली ती हीच. इथूनच गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघतात, त्यामुळे वरच्या धरणांतून पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी वाढतं आणि चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गाइडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा. फ्लेमिंगो दिसतीलच असं मुलीला आधी सांगू नका.

दोन_पिल्लांची_आई:
फ्लेमिंगो नसले तरी काही अडत नाही गं. माझा लेक वारकरी पक्ष्यांवरच खूश होता, काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, पाण्यावरून उडताना आधी पायांनी थपथप थपथप करत धावतात, ते बघून हा काठावर तसाच धावायला लागला. जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून खाते तेही मुलांना लगेच दिसतं, दुर्बीण लागत नाही. पण काठाला सगळीकडे कठडा नाहीये, त्यामुळे एका मुलामागे एक मोठं माणूस हे पक्कं ठरवून जा. बाथरूम प्रवेशाजवळच उरकून घ्या, पुढे काही मिळेल असं धरू नका. खायचा डबा, पाणी घरून, आणि कचरा परत घरी.

चाकांवरचा_पक्षीमित्र:
मी स्वतः व्हीलचेअरवर आहे म्हणून मनापासून सांगतो, आपल्याकडे पक्षी बघायचं म्हटलं की मनोरा बांधतात. जमिनीवरच एक आडोसा, त्यात एक भोक उभ्या माणसाच्या उंचीला आणि एक बसलेल्याच्या, आणि तिथपर्यंत ठोकून पक्की केलेली वाट, एवढं केलं तरी मी, तुमची आई आणि तुमची ४ वर्षांची मुलगी तिघंही एकाच जागेवरून बघू शकतो. बाहेर पडताना अभिप्रायाची वही असेल तर हे नक्की लिहा, मी दरवेळी लिहितो. जितक्या जास्त घरांनी लिहिलं तितकं बरं.

मूळ प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे खूप खूप आभार, खुर्ची आणि कॅरिअर पक्कं. दादा, वहीत नक्की लिहीन, आईलाही लिहायला लावते. फक्त एक, समजा त्या दिवशी आई फार दमली असेल तर शहरात काही आहे का?

निफाडकर:
गोदा पार्क आहे ना, नदीला लागूनच. पण पुरात तिथल्या वाटेचं बरंच नुकसान झालं होतं, त्यामुळे घरातल्या कुणालातरी आधी चक्कर मारून कुठला तुकडा चालण्यासारखा आहे ते बघायला सांगा. आणि नांदूरला शनिवार-रविवार टाळा, शाळांच्या सहली असतात, गोंगाटाने पक्षी लांब जातात.