भाचीला विंडसर्फिंगमध्येच करिअर करायचंय. तुम्ही हो म्हणाल का?

करंझाळेकर: भाची बारावीला आहे. दुपारी वारा चढला की पोरगी शिडाचा बोर्ड घेऊन गोव्यातल्या दोनापावलाच्या पाण्यात. आता म्हणते, कॉलेज बाहेरून करते, पूर्णवेळ हेच. घरात रणकंदन! मी तिच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण ली लाय-शान. हाँगकाँगच्या च्युंग चाऊ नावाच्या चिमुकल्या बेटावरची विंडसर्फर मुलगी. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अकराव्या क्रमांकावर आली, १९९३ ला जगज्जेती झाली आणि १९९६ ला अटलांटात हाँगकाँगला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. आपलं दोनापावल काय वेगळं आहे?

म्हापशाचो बापूय: अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिच्यामागे डच प्रशिक्षक होता, पाठीशी क्रीडासंस्था होती. माझा मुलगा चार वर्षं आरएसएक्स या ऑलिंपिकच्या बोर्डावर घासला. टोकियोनंतर तो बोर्ड ऑलिंपिकमधून गेला, पॅरिसला आयक्यूफॉइल आलं, खाली फॉइल म्हणजे पंख लावलेला बोर्ड. म्हणजे बोर्ड, शीड, फॉइल, सगळं नव्याने घ्या! जुना बोर्ड बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दोन खुर्च्यांवर आडवा पडलाय. आई त्यावर सोलां (आमसुलं) वाळवते.

करंझाळेकर: सोलां चांगली वाळत असतील 😄 पण फॉइल आलं ते आपल्या पथ्यावरच पडलं की. पाण्याखालचा तो पंख बोर्डाला वर उचलतो, त्यामुळे हलक्या वाऱ्यातही वेग मिळतो. आपल्याकडे वारा बेताचाच.

फोंड्याची मावशी: वाऱ्याचं राहू दे बाबा. जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला, तेव्हा ही काय करणार? आणि हात बघितलेस का तिचे? माझ्या शेजारणीची मुलगी हेच करायची. तळहातावर घट्टे, घट्ट्यांवर फोड, भाकरी थापायला घेतली की ओरडायची. लग्नाचं मी काढत नाही हं, आधीच सांगते.

खाजनातला: मावशी, काढलंतच की. पावसाळ्यात व्यायाम करेल, परवडलं तर बाहेरगावी जाईल. आपल्या गोव्याच्या डेन आणि कात्या कुएलो या विंडसर्फर भावंडांनाही पावसाळा होताच ना?

म्हापशाचो बापूय: त्यांच्या घरात मुळात हा खेळ होता. आपण नोकरदार माणसं. आणि गंमत ऐका. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ईबाद अलीने कांस्य जिंकलं, तेही आरएसएक्समध्येच. म्हणजे ऑलिंपिकमध्ये एक बोर्ड, आशियाईत दुसरा. आईबापाने पैसे कशावर लावायचे?

करंझाळेकर: हा मुद्दा मान्य, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ली लाय-शानची मला सर्वांत आवडणारी स्पर्धा अटलांटाची नाहीच. २००४ ला, सुवर्णानंतर आठ वर्षांनी, ती अथेन्सला उतरली आणि चौथी आली. पदक हुकलं. सगळं मिळवून झालेली बाई परत त्याच पाण्यात का उतरते, हे मला भाचीकडे बघितल्यावर कळतं. संध्याकाळी हात सोलवटलेले असतात, तरी दुसऱ्या दिवसाचा वारा मोबाइलवर बघत बसलेली असते.

फोंड्याची मावशी: बारावीची परीक्षा होऊ दे आधी. मग बघा वारा.

म्हापशाचो बापूय: करंझाळेकर, माझं मत बदललेलं नाही. पण मुलाचा हार्नेस, शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा, तसाच पडून आहे. तिला कमरेत सैल होईल, पट्टे आवळावे लागतील. शनिवारी या.

करंझाळेकर: येतो. थोडी सोलांही द्या.