टिकल्यांच्या बंदुका आणि शनिवारचा हॉल

प्रेषक: मेधा (हॉल व परवानग्या)

मंडळी,

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या दिवाळी कार्यक्रमाचं तातडीचं. बालविभाग दिवाळीची भेट म्हणून मुलांना टिकल्यांच्या बंदुका देणार आहे असं काल कानावर आलं. शिवाय चाफेकरांच्या नाटकात पिस्तुलं आहेत. हॉल शाळेचा आहे. शस्त्रं आणि शस्त्रासारख्या दिसणाऱ्या वस्तू आवारात आणायच्या नाहीत असं भाड्याच्या करारात स्वच्छ लिहिलंय आणि त्याखाली सही माझी आहे. होळीला पार्किंगमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. तेव्हा बंदुका वाटायच्या नाहीत. पिस्तुलांचं काय करायचं ते नाट्यविभागाने आज रात्रीपर्यंत सांगावं, उद्या मला शाळेला कळवायचंय.

मेधा

प्रेषक: सुहास (बालविभाग)

मेधाताई, भेट काय द्यायची हे बालविभाग ठरवतो, सप्टेंबरच्या बैठकीत तसं ठरलंय. तुम्ही एकट्याने "वाटायच्या नाहीत" असं कसं लिहिता? माझे आईबाबा पुण्याहून येताना बोहरी आळीतून पिशवीभर घेऊन आलेत. लाल-निळ्या पत्र्याच्या, हाताएवढ्या. टिकल्या विमानात चालत नाहीत, म्हणून नुसत्याच बंदुका आहेत, आवाजसुद्धा होणार नाही. होळीला पिचकाऱ्या होत्या, त्यावर तेव्हाच बोलून झालंय. ते आता इथे कशाला?

प्रेषक: दिलीपकाका

सुहास, टिकल्यांशिवाय बंदूक म्हणजे काय मजा! कोल्हापुरात आमची दिवाळी त्या लाल कागदाच्या रोलशिवाय सुरूच व्हायची नाही. झाकण उघडून रोल आत बसवायचा, त्याचं टोक घोड्याखाली सरकवायचं, दोन टिकल्या वाजल्या की तिसऱ्याला हमखास अडकायचा. मग रोल पायरीवर पसरून दगडाने ठेचायचा, बोटं काळी व्हायची, आई अभ्यंगस्नान होऊनसुद्धा परत हात धुवायला लावायची. आमच्यातला एकही पोरगा पुढे गुंड झाला नाही. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवली, ती कशी धरायची, नळी कुठे ठेवायची हे हवालदाराने आधी शिकवलं, गोळी नंतर दिली. त्याच कोल्हापुराने तेजस्विनी सावंत दिली, २०१० ला म्युनिकमध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबत तिथलीच. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. बंदूक बघितली की दचकायचं असं पोरांना शिकवलं असतं तर हे झालं असतं का? एवढा बाऊ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेषक: नंदन (नाट्यविभाग)

मेधाताई, पिस्तुलांशिवाय चाफेकर कसे करायचे ते तुम्हीच सांगा. दोन महिने मुलं तालमी करताहेत. "गोंद्या आला रे" ही हाक आली की दामोदर बग्गीमागे धावतो, तो प्रसंगच नाटकाचा कळस आहे. पिस्तुलं लाकडी आहेत, मी गॅरेजमध्ये कापून काळी रंगवली आहेत. ती नुसतं रंगमंचावरचं सामान आहेत.

प्रेषक: वसंतराव

नंदन, संहितेत रँड जागेवर मरतो असं दाखवलंय. २२ जून १८९७ च्या रात्री जागेवर गेला तो लेफ्टनंट आयर्स्ट, त्याच्यावर गोळी बाळकृष्णने झाडली. रँड ३ जुलैला गेला. मुलं हे पाठ करताहेत, कृपया दुरुस्त करावं.

प्रेषक: अश्विनी

नमस्कार.

मी इथे सहसा लिहीत नाही. दिलीपकाकांचं वाचलं आणि राहवलं नाही.

काका, टिकल्या आम्हीही उडवल्या आहेत, नाशकात. खेळण्यातल्या बंदुकीने मूल हिंसक होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझं म्हणणं दुसरं आहे. कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी पोरगा बंदूक रोखून उभा राहिला तर बघणारा म्हणतो, कुणाचं कार्टं हे. इथे अमेरिकेत बघणारा पोलिसांना फोन लावतो, आणि जो येतो त्याच्या कमरेला खरी असते.

आम्ही तेव्हा इथेच कॅलिफोर्नियात, सांता रोझाला राहायचो. २२ ऑक्टोबर २०१३, मंगळवार, दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. अँडी लोपेझ नावाचा तेरा वर्षांचा मुलगा भर दुपारी मोकळ्या जागेच्या कडेने चालत निघाला होता. हातात एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट, प्लास्टिकचे छर्रे मारणारी. नळीच्या टोकाला नारिंगी खूण असावी हा नियम देशभर १९८९ पासून आहे, त्याच्या बंदुकीचं ते टोक तुटून गेलं होतं. शेरीफच्या डेप्युटीने त्याला पाठमोरा पाहिला, "टाक" म्हणून ओरडला, पोर मागे वळायला लागलं. सात गोळ्या लागल्या. पुढच्या जुलैमध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नीने, म्हणजे सरकारी वकिलाने, डेप्युटीवर खटला भरणार नाही असं जाहीर केलं. २०१८ च्या अखेरीस काउंटीने कुटुंबाला ३० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. त्या जागेवर आता अँडीच्या नावाची बाग आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर २०१४ ला, क्लीव्हलँडच्या बागेत टमीर राइसला पोलिसाची गोळी लागली, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय १२. फोन करणाऱ्याने "बहुतेक खोटी असावी" असं सांगितलं होतं, ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. त्याच्याही एअरसॉफ्टवर नारिंगी टोक नव्हतं.

सांता रोझाला आमच्या शेजारच्या मुलाने तसं टोक मार्करने काळं करून टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. "नारिंगी बालिश दिसतं" म्हणाला. कुठल्याही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तसंच वाटणार. आणि आपली मुलं सावळी आहेत, सातवी-आठवीत गेली की बापाएवढी उंच होतात. लांबून बघणाऱ्याला ती तुमची-माझी बाळं दिसत नाहीत. नंदन, रात्री आठला कार्यक्रम संपल्यावर तुझा दामोदर धोतर-पगडीत, हातात ते काळं लाकडी पिस्तूल घेऊन, आईची गाडी शोधत पार्किंगमध्ये धावेल. मला भीती त्या पाच मिनिटांची आहे.

अश्विनी

प्रेषक: सुहास (बालविभाग)

अश्विनीताई, तुम्ही लिहिलंत ते भयंकर आहे आणि ते कुणीही नाकारत नाही. पण अँडीच्या घटनेनंतर कॅलिफोर्नियाने कायदा बदलला, १ जानेवारी २०१६ पासून एअरसॉफ्टवरसुद्धा भडक रंगाच्या खुणा लागतात. आमच्या पत्र्याच्या बंदुका मुळातच लाल-निळ्या आहेत, खऱ्यासारख्या दिसतच नाहीत. मग अडचण कुठे आहे?

प्रेषक: मेधा (हॉल व परवानग्या)

अडचण करारात आहे. तिथे रंगाचा उल्लेख नाही.

प्रेषक: शीतल

विषय निघालाच आहे तर मुलांची डॉक्टर म्हणून एक सांगते. २००१ साली अॅटलांटात एक अभ्यास झाला होता. ८ ते १२ वयाची ६४ मुलं, दोघं-तिघं मिळून एका खोलीत सोडली होती आणि तिथल्या खणात खरं, पण बिनगोळ्यांचं पिस्तूल ठेवलं होतं. ४८ मुलांना ते सापडलं. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते खेळणं वाटलं किंवा नक्की सांगता आलं नाही. काहींनी चाप ओढून बघितला. म्हणून पत्र्याच्या बंदुकीपेक्षा मला काळजी वाटते ती दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याची. शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे आपण न लाजता सांगतो ना? तसंच "घरात बंदूक आहे का, असली तर गोळ्या काढून कुलपात असते का" हेही विचारायचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईबाबांना मी हे सांगते. मराठी घरांनाही विचारा. मागच्या काही वर्षांत आपल्यातल्या काहींनीही घेतल्या आहेत.

प्रेषक: दिलीपकाका

शीतल, माझ्याकडे आहे, तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात. नातवाला जागासुद्धा माहीत नाही. जबाबदार माणसाला अशा नजरेने बघू नये.

प्रेषक: शीतल

काका, तुमच्यासारखं सगळे ठेवत असते तर विचारावं लागलं नसतं. नातवाचे मित्र घरी आले की त्यांच्या आयांना तुम्ही आपणहून सांगा, त्यांना धीर येईल.

प्रेषक: गौरी

मी बालवाडीत शिकवते, म्हणून सुहासच्या बाजूने थोडं. बंदूक काढून घेतल्याने खेळ थांबत नाही. लेगोची होते, केळ्याची होते, काहीच नसलं तर दोन बोटं पुरतात. आमच्या वर्गात एक चार वर्षांचा मुलगा रोज केळं माझ्याकडे रोखायचा. मी "बंदूक नाही हं" म्हटलं की म्हणायचा, "फोन आहे," आणि पाठ वळली की ढिशक्याव. शेवटी मी विचारलं, तू पकडतोयस तरी कुणाला? तर म्हणाला, वर्गात जो माणूस येतो त्याला. शाळेत कुणी बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव असतो, त्या लॉकडाउन ड्रिलमध्ये आम्ही त्यांना दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसवतो, तो माणूस. त्याला ती भीती खेळून काढायची होती. ते मी कसं बंद करू? ब्रिटनच्या शिक्षण खात्यानेही २००७ साली बालवाड्यांना सांगितलं होतं की मुलग्यांचे असे खेळ ऊठसूट थांबवू नका. माझा नियम एवढाच: घरात आणि मागच्या अंगणात खेळा, नको म्हणणाऱ्यावर रोखायची नाही, आणि खऱ्यासारखी दिसणारी विकत आणायची नाही.

प्रेषक: नंदन (नाट्यविभाग)

गौरीवहिनी, ढिशक्यावचा मुद्दा पटला. अश्विनीताईंचा मेल बायकोने मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर आमच्याकडे बराच वेळ यावरच बोलणं झालं. पिस्तुलं ठेवायची असं माझं अजूनही म्हणणं आहे, पण काळा रंग खरवडून झेंडूसारखी केशरी रंगवतो. प्रसंग तसाही रात्रीचा आहे. दिवे मंद करून मागच्या पडद्यावर सावल्या पाडल्या तर रंग कुणाला दिसणारही नाही. गोळीचा आवाज ढोलकीवर घेऊ. वसंतराव, रँडचं मरण दुसऱ्या प्रवेशात हलवतोय.

प्रेषक: वसंतराव

उत्तम. रँडचं नाव वॉल्टर चार्ल्स होतं, संहितेत विल्यम आहे, तेही बघावं.

प्रेषक: मेधा (हॉल व परवानग्या)

आज शाळेच्या ऑफिसात जाऊन आले. उत्तर असं: नाटकातली केशरी लाकडी पिस्तुलं चालतील, पण फोटो आधी पाठवायचा, ती एका मोठ्या माणसाच्या ताब्यात बंद खोक्यात आणायची आणि प्रवेश झाला की परत खोक्यात. मुलांना शाळेच्या आवारात बंदुका वाटायला परवानगी नाही, रंग कुठलाही असो. कॅलिफोर्नियात खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक शाळेत बाळगली तर विद्यार्थ्याला निलंबित करता येतं, आणि आपली बरीच मुलं याच डिस्ट्रिक्टच्या शाळांत आहेत. ऑफिसातल्या बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं, पण त्यात तडजोड नाही.

प्रेषक: सुहास (बालविभाग)

ठीक आहे, शाळेचा निर्णय मान्य. पण मुलांना रिकाम्या हाती पाठवणार नाही, आणि ऐन वेळी पेन्सिलींची पाकिटंही वाटणार नाही. आईने किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळेही आणलेत, सगळ्यांना पुरतील. शनिवारी ते देतो. बंदुका माझ्या गॅरेजमध्ये आहेत. ज्या आईबाबांना आपल्या अंगणापुरती हवी असेल त्यांनी स्वतः येऊन न्यावी, मुलांच्या हाती देणार नाही. भेट ठरवण्याचा अधिकार बालविभागाचाच आहे, हे पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात यावं.

प्रेषक: दिलीपकाका

सुहास, एक माझ्यासाठी ठेव. रोल इथे कुठे मिळतो ते कुणाला माहीत असेल तर कळवा. अश्विनी, तुझं पत्र मी मुलाला पाठवलंय. नातवाकडे काळी एअरसॉफ्ट आहे, ती रविवारी त्याच्या खोलीतून निघेल.

प्रेषक: नंदन (नाट्यविभाग)

खोकं कुणाकडे राहणार? मी स्वतः रँडच्या बग्गीचा घोडा ओढतोय, मला जमणार नाही.

प्रेषक: अश्विनी

माझ्याकडे द्या. मी विंगेत उभी राहते. प्रवेश संपल्यावर पिस्तूल खोक्यात पडल्याशिवाय दामोदर आणि बाळकृष्णला बाहेर सोडणार नाही, हे त्यांच्या आयांना आधीच सांगून ठेवा.